आंतरजालावरून साभार

मराठी दिवाळी अंक चाळताना किंवा एखाद्या संशोधनपर पुस्तकाची पाने उलटताना छायाचित्राखालची एक ओळ आता सरावाची झाली आहे : 'आंतरजालावरून साभार'. ओळ विनम्र आहे आणि छापणाऱ्याचा हेतूही बहुधा वाईट नसतो. पण तिचा अर्थ लावू गेल्यास पंचाईत होते. आभार कोणाचे तरी मानावे लागतात. आंतरजाल ही व्यक्ती नव्हे, संस्थाही नव्हे. कोणाच्या तरी अंगणातले फूल जाता जाता तोडावे आणि रस्त्याचे आभार मानावेत, तसा हा प्रकार आहे.

या ओळीच्या मुळाशी असलेला प्रश्न वरवर साधा आहे : छायाचित्रकाराने आपले काम इतरांना विनामोबदला वापरू द्यावे का? त्याची दोन उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, कला सर्वांची. ती अडवून ठेवणे हा कद्रूपणा. दुसरा म्हणतो, सुतार खुर्ची फुकट देत नाही, मग छायाचित्रकाराने चित्र का द्यावे? मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्हींत 'मुक्त' आणि 'फुकट' या शब्दांची गल्लत आहे. ज्याच्या वापरावर बंधन नाही ते मुक्त; ज्याच्या निर्मितीचा सारा भार एकट्या निर्मात्यावर टाकला गेला ते फुकट. मुक्त काय असावे, हा समाजाच्या हिताचा प्रश्न आहे. ते कोणाच्या खर्चाने मुक्त व्हावे, हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना दुसरा विसरला जातो, आणि तो विसरण्यात आपण साहित्याची मंडळी आघाडीवर असतो.

कवितेच्या दोन ओळी उद्धृत करताना कवीचे नाव, संग्रहाचे नाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक देण्याची शिस्त आपण विद्यार्थ्यांना लावतो. त्याच विद्यार्थ्याच्या प्रबंधात त्याच कवीचे छायाचित्र निनावी येते आणि त्यावर कोणाचे बोट ठेवले जात नाही. याचे कारण उघड आहे. कविता माणूस लिहितो आणि छायाचित्र यंत्र काढते, असा एक समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. कोठे उभे राहायचे, कोणत्या क्षणाची वाट पाहायची, काय चौकटीबाहेर ठेवायचे हे निर्णय यंत्र घेत नाही, हे आपल्याला कळते. पण वळत नाही.

हा समज केवळ संपादकांचा नव्हता, तो आपल्या कायद्यातही होता. १९५७च्या प्रताधिकार कायद्याने, म्हणजे रूढ शब्दांत कॉपीराइट कायद्याने, लेखकाला आणि चित्रकाराला हयातभर आणि मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण दिले. १९९२च्या दुरुस्तीने ही ५० वर्षे ६० झाली. छायाचित्राची मुदत मात्र छायाचित्रकाराच्या आयुष्याशी जोडलेलीच नव्हती. ती प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाई. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरचा हक्क २००७च्या अखेरीस संपला, मग ते काढणारा हयात का असेना. २०१२च्या दुरुस्तीने हे वेगळे कलम वगळले आणि छायाचित्रकार कवी-चित्रकारांच्या पंक्तीला बसला. त्याला त्या पंक्तीत पाट मिळायला ५५ वर्षे लागली. कायदा बदलला, आपली सवय बदललेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. मराठीत लेखकाला तरी कोठे पैसे मिळतात? साठच्या दशकातील लघुनियतकालिके पदरमोड करून निघाली. आजही कित्येक नियतकालिकांत कवीला अंकाची एक प्रत मिळते, तीही वेळेवर मिळाली तर. 'मानधन' हा शब्दच आपण मोठ्या चतुराईने घडवला आहे. मानात धन मिसळले की धन थोडे असले तरी चालते. आणि धन मुळीच नसले, तर मान तेवढा उरतो. ज्या व्यवहारात कवी उपाशी आहे, त्यात छायाचित्रकाराने पैसे मागावेत, हे कोणत्या न्यायाने?

माझे उत्तर असे की, उपक्रमाला पैसे आहेत की नाहीत एवढेच पाहून भागत नाही. त्या उपक्रमात आणखी कोण कोण विनामोबदला राबते आहे, ते पाहावे. चार मित्रांनी काढलेल्या अनियतकालिकात संपादक, कवी, अनुवादक, मुद्रिते तपासणारा असे सारेच हौसेने राबत असतील, तर छायाचित्रकाराने त्या पंगतीत बसावे. त्यात त्याचाही मान आहे. पण जाहिरातींनी जाडजूड झालेल्या अंकात कागदवाल्याचे बिल चुकते होते, मुद्रकाचे होते, बांधणीवाल्याचे होते, अंक पोचवणाऱ्या टेम्पोचेही होते आणि 'सहकार्य' तेवढे छायाचित्रकाराकडून अपेक्षित असते, तेव्हा त्याला दान म्हणता येत नाही. तेथे त्याने खुशाल नकार द्यावा. कवीनेही द्यावा, असे मी म्हणेन. एकावरचा अन्याय हा दुसऱ्यावरच्या अन्यायाचा दाखला होऊ शकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याची नोकरी बँकेत आहे आणि कॅमेरा रविवारचा आहे, त्याने आपली चित्रे एखाद्या श्रीमंत प्रकाशनगृहाला फुकट दिली तर त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते कॅमेऱ्यावर घर चालवणाऱ्याचे. पुढच्या वेळी दर सांगताच त्याला ऐकवले जाते, की इतर लोक तर आनंदाने देतात. हौशी माणसाचे औदार्य असे दुसऱ्याच्या ताटातून वाढले जाते. म्हणून हौशी छायाचित्रकाराने द्यावे जरूर, पण कोणाला देतो आहोत ते पाहून द्यावे.

मग छायाचित्र मुक्त असण्याची बाजू लंगडी आहे काय? मुळीच नाही. तिचा सर्वांत भक्कम दाखला अमेरिकेतला आहे. १९३५ ते १९४४ या काळात तेथील संघराज्य सरकारने ग्रामीण दैन्याची नोंद घेण्यासाठी छायाचित्रकार नेमले. डोरोथिया लँग आणि वॉकर इव्हान्स त्यांपैकीच. त्या उपक्रमातून जमा झालेल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि सरकारी नोकरीत काढलेली असल्यामुळे त्या चित्रांवर प्रताधिकार नाही. मंदीच्या त्या दशकाची जी प्रतिमा आज जगाच्या डोळ्यांसमोर आहे, ती घडण्यात या मुक्ततेचा वाटा मोठा आहे. पण हेही विसरू नये, की लँग यांना त्या कामाचा पगार मिळत होता. चित्रे मुक्त होती, फुकट नव्हती. समाजाने एकदा पैसे मोजले आणि मग ती सर्वांची झाली.

आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. सरकारच्या पैशाने निर्माण झालेल्या कृतींवरही आपल्या कायद्याने प्रकाशनापासून ६० वर्षे सरकारचा प्रताधिकार राहतो. म्हणजे ज्याचे पैसे जनतेने भरले ते जनतेला मुक्त नाही, आणि ज्याचे पैसे कोणीच भरले नाहीत ते मात्र मुक्त असावे अशी आपली अपेक्षा. मुक्त छायाचित्रांची मागणी करणाऱ्यांनी आपला पहिला मोर्चा शासकीय संग्रहांकडे वळवावा, एकट्यादुकट्या छायाचित्रकाराकडे नव्हे.

खासगी छायाचित्रकाराने स्वखुशीने द्यायचे ठरवले, तर त्यासाठी आता चांगली साधने आहेत. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२च्या डिसेंबरात आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. प्रत्येक वापरासाठी पत्रव्यवहार करण्याऐवजी निर्माता आपल्या अटी आधीच जाहीर करतो : श्रेय द्या, बदल करू नका, व्यापारी वापर नको, माझ्या कृतीवरून काही नवे घडवले तर तेही याच अटींवर वाटा. यांतल्या कोणत्या अटी जोडायच्या हे त्याचे त्याने ठरवायचे. मात्र शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात. विकिमीडिया कॉमन्स हा २००४ साली सुरू झालेला चित्रसंग्रह व्यापारी वापरास मनाई असलेली चित्रे स्वीकारत नाही. तेथे चित्र द्यायचे, तर उद्या ते साबणाच्या वेष्टनावर येऊ शकते हे मान्य करूनच द्यावे लागते. तरीही काही चित्रे द्यावीत, असे मला वाटते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यावर मराठी साहित्यिकांच्या नोंदी उघडून पाहाव्यात. अनेक ठिकाणी चेहऱ्याची जागा रिकामी आहे, किंवा सभागृहाच्या मागच्या रांगेतून काढलेले अंधुक चित्र आहे. उत्तम चित्रे अस्तित्वात आहेत, पण ती खणांत आणि कपाटांत. साहित्यिकांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी आपल्या शेकडो चित्रांपैकी एखाददुसरे जरी असे मुक्त केले, तरी पुढच्या वाचकावर मोठे उपकार होतील. सर्वस्व देण्याची गरज नाही. निवडून देण्याची आहे.

निवडून, कारण बिनशर्त दानाचे पुढे काय होते याचा एक धडा ताजाच आहे. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाई अनेक वर्षे आपली चित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देत आल्या, ती सर्वांना वापरता यावीत म्हणून. २०१५च्या अखेरीस त्यांच्याच संस्थेला एक पत्र आले : संकेतस्थळावर अमुक छायाचित्र विनापरवाना वापरल्याबद्दल १२० डॉलर भरा. ते छायाचित्र त्यांनी स्वतः काढलेले होते. चित्रे विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांचे दान आपल्या दुकानात मांडले होते आणि पावती दात्याकडेच धाडली होती. बाईंनी २०१६ साली गेटी इमेजेस आणि इतरांवर १८,७५५ छायाचित्रांबद्दल १०० कोटी डॉलरचा दावा लावला. त्यातील प्रताधिकाराचे मुद्दे न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले. उरलेले वाद आपसांत मिटले. जे सर्वांचे आहे ते विकायला व्यापाऱ्यालाही मोकळीक असते. ज्यावर कोणाचा हक्क नाही, त्यावर बळकट हात आधी पडतो. पुढे २०२३ साली याच गेटी इमेजेसने, आपली चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी विनापरवानगी वापरली म्हणून स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर लंडनमध्ये आणि अमेरिकेत दावे दाखल केले. परवानगीचे महत्त्व ज्याला त्याला आपल्या मालाच्या बाबतीत चटकन उमगते.

आतापर्यंत आपण छायाचित्रकाराच्या बाजूने बोललो. पण या व्यवहारात एक तिसरा माणूस आहे आणि तो बहुधा गप्प असतो. छायाचित्रातला माणूस. लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो येथे काढलेले शेतमजूर आईचे चित्र आज जगप्रसिद्ध आहे. त्या चित्रातील फ्लॉरेन्स टॉम्प्सन यांचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, चार दशके उलटल्यावर. त्या चित्रातून आपल्याला कवडीही मिळाली नाही आणि ते काढलेच नसते तर बरे झाले असते, अशा आशयाची खंत त्यांनी बोलून दाखवली. १९८३ साली त्या आजारी पडल्या, तेव्हा उपचारांसाठी मुलांना लोकांपुढे हात पसरावा लागला. लोकांनी हजारो डॉलर पाठवले, ही लोकांची थोरवी. पण चित्र मुक्त असण्याचा त्या बाईंना काय लाभ झाला, हा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

२००७ साली व्हर्जिन मोबाइल ऑस्ट्रेलिया या कंपनीने फ्लिकरवरचे एक छायाचित्र उचलून जाहिरातीत वापरले. त्यात टेक्सासमधील एक शाळकरी मुलगी होती. छायाचित्रकाराने श्रेयाच्या अटीवर मुक्त वापराचा परवाना दिलेला होता, त्यात व्यापारी वापरही बसत होता. मुलीला मात्र कोणी विचारले नव्हते. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि २००९ साली, ऑस्ट्रेलियन कंपनी आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, या कारणावरून निकालात निघाले. कायद्याने काही ठरले नाही; नीतीने ठरलेलेच आहे. छायाचित्रकाराला आपला हक्क देता येतो, समोरच्याचा नाही. मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे सुधारक ओलवे यांनी काढली आहेत. असे एखादे चित्र कामगार संघटनेने पत्रकावर छापले तर त्याचा एक अर्थ होतो. विमा कंपनीने जाहिरातीत छापले तर दुसरा. हा फरक पाहून हो किंवा नाही म्हणता यावे, एवढ्यासाठी तरी छायाचित्रकाराने आपला हक्क हाती राखला पाहिजे. त्याच्याजवळचा नकार हा अशा वेळी चित्रातल्या माणसाचा एकमेव पहारेकरी असतो.

राहता राहिला नावाचा प्रश्न. 'पैसे नाहीत, पण तुमचे नाव ठळक छापू' हे आश्वासन प्रत्येक छायाचित्रकाराने ऐकलेले असते. त्यात एक मखलाशी आहे. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५७व्या कलमाने निर्मात्याला आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला आहे, आणि बाकीचे हक्क विकून टाकल्यावरही तो उरतो. कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्कही याच कलमात आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून टाकून त्याची नासधूस केल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध लढले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांना न्याय दिला. म्हणजे नाव हा मोबदला नव्हे; ते आधीचेच देणे आहे. नाव छापण्याच्या बदल्यात चित्र मागणारा माणूस छायाचित्रकाराला त्याचीच वस्तू भेट म्हणून देत असतो.

नाव गाळण्याचा आपला इतिहास मात्र जुना आहे. १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा नारायण विनायक विरकर या मराठी छायाचित्रकाराने टिपल्या. ती चित्रे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत त्यांपैकी किती जणांना विरकरांचे नाव ठाऊक आहे? होमाय व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. पैसे बुडाले तर एका माणसाचे नुकसान होते. नाव बुडाले तर इतिहासाचे होते, आणि इतिहासाचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते होऊ देऊ नये.

या साऱ्याने वर्गात शिकवणारा किंवा प्रबंध लिहिणारा वाचक धास्तावून जाईल. तसे कारण नाही. खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि परीक्षण यांसाठीच्या रास्त वापराला कायद्याचे ५२वे कलम मुभा देते, आणि शिक्षक-विद्यार्थ्यांच्या अध्यापनातील वापरालाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने ही मुभा उदारपणे वाचली. एखाद्या छायाचित्राची चर्चा करण्यासाठी ते समोर ठेवायला कोणाची परवानगी लागू नये, हे योग्यच आहे. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभेसाठी घेतलेले चित्र म्हणजे समीक्षा नव्हे. तेथे विचारावे लागेल, आणि पुस्तकाला किंमत असेल तर चित्रालाही द्यावी लागेल.

तेव्हा छायाचित्रकाराने विनामोबदला द्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'द्यावे' असेच आहे : जेथे सारेच विनामोबदला राबतात तेथे, जेथे चित्र ज्ञानाच्या समाईक साठ्यात जाते तेथे, चित्रातल्या माणसाला मान खाली घालावी लागणार नाही अशा ठिकाणी. पण ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या देण्याला दान म्हणत नाहीत. छायाचित्रकाराच्या औदार्याची अपेक्षा करण्यापूर्वी आपण त्याला नकाराची सोय ठेवली पाहिजे, आणि ती ठेवणे अगदी सोपे आहे. वापरण्यापूर्वी विचारावे. कर्त्याचे नाव शोधावे. नाव सापडले नाही, तर त्या जागी दुसरे चित्र घ्यावे. तेही मिळाले नाही, तर पान कोरे सोडावे. कोऱ्या पानाने अंकाची शोभा उणावत असेल, पण कोणाचे देणे तरी राहत नाही.